परका पाय

“पाय धडधाकट आहे, आणि हा म्हणतो कापून टाका. अशा माणसाला विचारून का उपचार करायचे असतात, आबा?”

डॉक्टर शार्दूल केळुसकरांचा आवाज जरा चढलाच. मनोविकारांचे डॉक्टर म्हणून जिल्ह्यात त्यांचं नाव होतं. आबा वैद्यांकडे ते कधीकाळी नाडी बघायला शिकले होते.

आबांनी अंगणाकडे पाहिलं. फणसाखाली दाजी मेस्त्री बसला होता. सुतारकाम करणारा, पन्नाशीचा, बोलायला सरळ. डाव्या गुडघ्याच्या वर त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. तिथून खालचा पाय आपला नाही, असं त्याला लहानपणापासून वाटे. गेल्या महिन्यात त्याने रेघेवर करवत टेकवली, तेव्हा बायकोने हात धरला.

“मग काय केलंस?”

“गोळ्या नको म्हणाला. त्याच्या बायकोला चहात घालून द्यायला सांगितल्या.”

“लागू पडल्या?”

“त्याला कळलं. आता बायकोच्या हातचं पाणीही घेत नाही.”

“म्हणजे पाय परका होताच... आता बायकोही झाली.”

आबा उठले. तेलाची वाटी घेऊन अंगणात गेले आणि दाजीसमोर जमिनीवर बसले. डॉक्टर मागोमाग गेले.

“हा पाय कुणाचा रे?”

“ठाऊक नाही. माझा नाही.”

“बरं. ज्याचा असेल तो येईपर्यंत सांभाळशील?”

दाजीने पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं.

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी पाय त्याचाच असल्याचं पटवायचा प्रयत्न केला होता.

“किती दिवस?” त्याने विचारलं.

“सांगता येत नाही. जड झाला की मला येऊन सांग. करवतीला सांगू नकोस.”

दाजीने वाटीत बोटं बुडवली. दुसऱ्याची वस्तू हाताळावी तसं जपून त्याने पोटरीला तेल लावलं.

“डॉक्टरांकडे गोळी आहे,” आबा म्हणाले. “पाय तुझा करणारी नव्हे. आतून जी तगमग होते, ती कमी करणारी. तोंड कोरडं पडेल, सुस्ती येईल. घेशील?”

दाजीने पहिल्यांदा डॉक्टरांकडे पाहिलं.

“हातात देणार असाल, तर घेईन.”

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट त्याच्या हातात दिलं.

दाजी फाटकाबाहेर गेल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

“तुम्ही त्याच्या भ्रमाला मान दिलात, आबा. उद्या पुन्हा कापा म्हणाला तर?”

“तर पुन्हा बसू त्याच्यासमोर.”

“पण खरं काय ते सांगायला नको? पाय त्याचाच आहे ना?”

आबा हाताचं तेल पुसत होते...

“तुझा नाही, एवढं नक्की.”