हौसाबाईंचं वजन

कोल्हापूरच्या हौसाबाई मगदूम देहाने ऐसपैस आणि जिभेने तिखट. नातवाच्या बारशाला हैदराबादला निघाल्या, त्याही स्वस्तातल्या विमानाने. विमानतळावर विमान कंपनीचे बेलसरे साहेब त्यांना आडवे आले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, हे विमान आहे, मालट्रक नव्हे! तुमच्या वजनाने आमचं विमान उडायचं कसं?"

रांग फिदीफिदी हसली. हौसाबाई विमानात पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

विमान होतं छोटं, पंख्याचं. माणसं सगळी पुढे बसलेली, मागच्या रांगा मोकळ्या. वैमानिकाने निरोप धाडला, "तोल जातोय. दोघंजण मागे गेल्याशिवाय उड्डाण नाही."

पुढच्या सीटसाठी जादा पैसे मोजलेलं कोण उठणार? कुणी खिडकीबाहेर बघू लागलं, कुणाला एकदम डुलकी लागली. शेवटी बेलसरे विमानात चढून घाम पुसत हौसाबाईंपाशी आले आणि हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही एकट्या गेलात तरी भागेल."

"जाते की! पण मघाशी ज्या आवाजात बोललासा, त्याच आवाजात सगळ्यांना सांगा, या बाईच्या वजनाशिवाय आमचं विमान उडत नाही."

बेलसरे इकडेतिकडे बघत, मान खाली घालून ते वाक्य पुटपुटले.

हौसाबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं न्हाई. आणि मला तर तिथंच जायचंय."