पाटलांची सून माती खाते

"पण माती का खाती ती, बाबा? आमच्या घरात खायला कमी हाय का?"

तुळशीराम पाटलांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. गावाबाहेरच्या चिंचेखाली मदारशा फकीर बसले होते. पाटलांच्या मागे, पदर पुढे ओढून, त्यांची धाकटी सून चंद्रकला बसली होती. तिला सातवा महिना चालू होता. सारवणाची पांढरी माती खाताना सासूने तिला धरलं होतं.

"बाहेरचं काही लागलं असंल," पाटील म्हणाले. "अंगारा द्या."

पाटील मदारशांचे वीस वर्षांपासूनचे शिष्य. दर गुरुवारी त्यांच्या घरचं ताट आधी फकिराकडे यायचं, मगच घरात पंगत बसायची. या नेमाचा पाटलांना भारी अभिमान, आणि तो ते चारचौघांत बोलून दाखवायला कधी विसरत नसत.

आजही ताट आलं होतं. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, वर गुळाचा खडा.

मदारशांनी अंगारा दिला नाही. "बेटी, डोळ्याची खालची पापणी जरा ओढून दाखव," ते म्हणाले.

चंद्रकलेने ओढली. आत लाली नव्हतीच.

"दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवलं की. रक्त कमी हाय म्हणाले. लोहाच्या गोळ्या दिल्या."

"मग?"

"घरच्यांनी बंद केल्या. गोळ्यांनी पोर पोटात लई मोठं होतं आन् बाळंतीण अडते, म्हणं."

"आणि थोरलीच्या वेळी…?"

पाटील खाली बघू लागले. थोरली सून बाळंतपणात गेली, त्याला दोन वर्षं झाली होती.

"तिच्या अंगात रक्तच नव्हतं, म्हणाले डॉक्टर. पण बाबा, गुणाची होती पोर. सगळ्यांची जेवणं उरकल्याबिगर घोटभर पाणी प्यायची न्हाई. हीबी तशीच. आमच्या घराचं वळणच हाय तसं."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण बोलता बोलता पाटलांची मान पुन्हा ताठ झाली होती.

मदारशांनी आपल्यापुढचं ताट उचललं आणि चंद्रकलेसमोर ठेवलं.

"जेव, बेटी."

तिने भाकरीकडे पाहिलं. भूक नजरेत लपत नव्हती. हात मात्र मांडीवरून हलला नाही.

"जेव."

"तुमचं होऊ द्या आधी…" ती हळूच म्हणाली. "मग मामांचं. मग घरी…"

आपल्याआधी आणखी कोणकोण जेवायचं आहे ते तिला आठवत गेलं आणि ती मध्येच थांबली.

म्हाताऱ्या फकिराच्या दाढीवर पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. वीस वर्षं, दर गुरुवारी, त्या घरातला पहिला घास त्यांनीच खाल्ला होता. थोरली पोटुशी होती तेव्हाही.

पाटील घाबरले. "काय झालं, बाबा? ती माती का खाती, तेवढं सांगा."

मदारशांनी ताट चंद्रकलेकडे आणखी सरकवलं.

"तिच्याआधी आपण कुणी हात लावला नाही," मदारशा म्हणाले, "अशी तेवढी मातीच उरली होती, पाटील."