सासूबाईंची आठी

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. तालमीतलं बोलणं तालमीतच ठेवायचं, असं आईनं मला दोनदा बजावलं होतं. पण गोष्ट इतकी छान आहे की ती एकटीनं सांभाळणं मला जमत नाही. म्हणून मी सगळ्यांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव तर घेतच नाही. तरीही कुणी ओळखलंच, तर कृपा करून गप्प राहा.

एका गावात एक सासू होती. खरी नव्हे, खेळातली. श्रावणात मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धा होतात. फुगड्या आणि झिम्मा झाला की शेवटी सासू-सुनेचं भांडण असतं. त्या भांडणातली सासू म्हणजे आपल्या रत्नाकाकू. एरवी त्या शिवणाचे वर्ग घेत. मुलींनी काज वाकडं केलं तरी त्या ओरडत नसत. पण नऊवारी नेसून रिंगणात आल्या आणि त्यांनी कपाळाला आठी घातली, की पहिल्या रांगेतली लहान मुलं आईच्या पदराखाली शिरत. ती आठी साधी नव्हती. आधी दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ उमटे. मग तिच्यावर तीन आडव्या चढत. मग काकू एकच शब्द म्हणत, “सूनबाई!” तेवढ्यावर टाळ्या पडत. शेजारच्या गावांतल्या बायका एकमेकींना विचारत, “रत्नाची आठी बघायला येतेस ना?”

गेल्या वर्षी स्पर्धा जिल्ह्याच्या गावी होती. काकू पन्नास फुगड्या घालून बाजूला उभ्या होत्या. तेवढ्यात एक स्वयंसेवक मुलगी धावत आली. “आजी, तुम्ही उभ्या नका राहू हो. खुर्ची आणते.”

काकू तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

परतीच्या गाडीत त्यांनी हे हसत हसत सांगितलं. संघात चंपाकाकूंची जीभ सगळ्यांत तिखट. त्या म्हणाल्या, “खोटं काय बोलली ती पोर? तुझ्या कपाळावर भाताची रोपं लावता येतील, रत्ना!” सगळ्या खो खो हसल्या. रत्नाकाकूही हसल्या. पण घरी गेल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि बोटांनी कपाळ ताणून बघत राहिल्या. सोडलं की रेघा परत येत. पुढे कितीतरी महिने त्यांनी कपाळावर बटा सोडून पाहिल्या. वाऱ्यानं बटा उडत आणि रेघा दिसत.

शेवटी ज्येष्ठ महिन्यात त्यांनी नव्या स्कूटरसाठी बाजूला ठेवलेले पंधरा हजार रुपये पर्समध्ये घातले आणि मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरबाईंकडे गेल्या. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. कपाळात बारीक सुया टोचायच्या, स्नायू सैल पडतात, रेघा जातात, चारेक महिन्यांनी परत येतात. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या कामात चेहरा लागतो का? नाटक, निवेदन, असं काही?”

“छे हो,” काकू म्हणाल्या, “मी शिवण शिकवते.”

त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. खेळ त्यांना तेव्हा आठवलाच नाही. सुईकडे बघायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

आठ-दहा दिवसांत त्यांचं कपाळ इस्त्री केल्यासारखं झालं. आषाढात पहिल्या तालमीला सतरंजी अंथरून सगळ्या समोरासमोर बसल्या, तेव्हा त्या कपाळाकडे लक्ष जाऊन सगळ्यांनी त्यांना गराडा घातला.

“अगं बाई!” चंपाकाकू म्हणाल्या. “काय फासतेस काय तोंडाला?”

रत्नाकाकूंच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण थोड्या वेळापूर्वी, सतरंजी अंथरताना, त्याच चंपाकाकू पेढेवाल्यांच्या वहिनींबद्दल बोलत होत्या. “सुया टोचून घेतल्यात म्हणे तिनं. या वयात! कुणाला दाखवायचंय? लाज नाही ती नाहीच.” सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. रत्नाकाकूंनीही हलवली होती. आता खरं सांगायचं तर ती हलवलेली मान परत घ्यावी लागली असती.

“मसुराची डाळ,” त्या म्हणाल्या. “दुधात वाटायची. वर लिंबू पिळायचं.”

“आणि तुझी नवी स्कूटर कुठाय?”

“चालते मी हल्ली. चालल्यानं तेज येतं.”

चार दिवसांत गावातली मसुराची डाळ संपली. वाण्यानं आईला विचारलं, “वहिनी, यंदा मसुराचा कुठला उपास निघालाय?” तिघी-चौघी सकाळी पदर खोचून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारू लागल्या. नाही म्हटलं तरी सगळ्यांना मजा येत होती. फक्त तालीम बिघडत होती.

कारण आठी पडत नव्हती. पोस्टात काम करणाऱ्या मंदाकाकू अकरा वर्षं रत्नाकाकूंच्या सून होत होत्या, आणि खेळाबाहेरही त्यांची जिवाभावाची मैत्रीण होत्या. भांडणाची तालीम सुरू झाली की त्या कमरेवर हात ठेवून वाट बघत.

“रागाव की गं!”

“रागावलेच आहे.”

“कुठे? तू तर हळदीकुंकवाला बोलावल्यासारखी बघतेयस.”

रत्नाकाकूंनी दात आवळले, नाकपुड्या फुगवल्या, डोळे मोठे केले. कपाळ शांतच राहिलं. मग कुणीतरी काजळानं आठी काढून पाहिली. ती इतकी वाईट दिसली की झिम्मा खेळणाऱ्या बायका हसून खाली बसल्या. “सराव नाही राहिला गं वर्षभर,” रत्नाकाकू काजळ पुसत म्हणाल्या. ते दुसरं खोटं होतं. की तिसरं, मला नक्की आठवत नाही. त्यांनाही बहुधा आठवत नसेल.

स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना मंदाकाकू तालमीला आल्या नाहीत. सगळ्या मिळून त्यांच्या घरी गेल्या, आईबरोबर मीही. मंदाकाकूंनी दार अर्धवटच उघडलं. त्यांचे गाल सुजून डोळे बारीक झाले होते आणि हनुवटीची सालपटं निघत होती.

“दिवसातून दोनदा लावत होते,” त्या म्हणाल्या. “लिंबू जरा जास्तच पिळत होते. म्हटलं, लवकर गुण येईल.”

“आधी ती डाळ बंद कर!” रत्नाकाकू ओरडल्या.

“तू कशाला रडकुंडीला येतेस? तुझा काय दोष? तुला लागू पडली, मला नाही. माझं कातडंच दरिद्री.” मंदाकाकूंनी पदर तोंडावर ओढला. “हे तोंड घेऊन मी काही रिंगणात येत नाही. तुम्ही दुसरी सून बघा.”

इथे रत्नाकाकूंना गप्प राहता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. सूजही उतरली असती. पण मंदाकाकू खेळाला मुकल्या असत्या आणि जन्मभर आपल्याच कातड्याला नावं ठेवत बसल्या असत्या. रत्नाकाकूंनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. चंपाकाकू अगदी शेजारी उभ्या होत्या.

“मंदा,” त्या म्हणाल्या, “मी डाळ कधी लावलीच नाही. आमटी केली तेवढीच. हे कपाळ सुईचं आहे. पंधरा हजार दिले. म्हणून स्कूटर नाही आणि म्हणून मी चालते.”

मंदाकाकूंनी पदराआडून त्या कपाळाकडे नीट निरखून बघितलं.

“म्हणजे,” मंदाकाकू हळूहळू म्हणाल्या, “इतके दिवस मी तोंडाला आमटी फासतेय?”

आणि त्यांना हसू फुटलं. “अगं हसवू नका, दुखतंय!” असं म्हणत त्या दाराला धरून हसत राहिल्या. मग हसू थांबलं आणि त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “मला तरी सांगायचंस, रत्ना.”

“भ्यायले गं,” रत्नाकाकू म्हणाल्या. “चुकलं माझं.”

चंपाकाकूंना मात्र राहवलं नाही. “पण या वयात, रत्ना, असली थेरं...”

“थांब, चंपा.” रत्नाकाकूंचा आवाज चढला नव्हता. “रेघा होत्या तेव्हा तू हसलीस. रेघा घालवल्या तरी तूच हसतेस. मग एकदाच सांगून टाक, तुला कुठलं कपाळ चालतं?”

चंपाकाकू अंबाडा चाचपत दोन पावलं मागे सरकल्या. असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

मंदाकाकूंनी पदर तोंडावरून बाजूला केला. “मी येते रिंगणात,” त्या म्हणाल्या. “अशीच येते, सुजलेली. पण एका अटीवर. यंदाचं भांडण मी रचणार आणि सासूनं ते मुकाट्यानं म्हणायचं. सगळ्यांसमोर.”

सगळ्यांसमोर हाच शब्द रत्नाकाकूंना नको होता. त्याच्याचसाठी तर सगळी लपवाछपवी झाली होती. पण त्यांनी मान डोलावली.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. रिंगणात उतरताना रत्नाकाकू चांगल्याच घाबरल्या होत्या. कपाळावर मात्र त्यातलं काहीच दिसत नव्हतं. समोर मंदाकाकू आल्या, गालांवर डॉक्टरांनी दिलेलं पांढरं मलम फासून. लोक कुजबुजू लागले. पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, “अगं, यंदा आठी नाही का?”

मंदाकाकूंनी कमरेवर हात ठेवले आणि ठेक्यात सुरुवात केली:

“सासूबाई, सासूबाई, राग कुठं गेला?”

रत्नाकाकूंनी श्वास घेतला.

“पंधरा हजार घेऊन गं, डॉक्टरनं नेला!”

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता ते हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. मंदाकाकू थांबल्या नाहीत:

“सासूबाई, सासूबाई, गाल का हो सुजले?”

“खोटे दाणे पेरले मी, तुझ्या गाली रुजले!”

आणि हे सगळं रत्नाकाकू अगदी गोड, शांत, सपाट चेहऱ्यानं म्हणत होत्या. सासू इतकी चिडलेली आणि चेहरा इतका प्रसन्न, असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढच्या रांगेतून एकजण ओरडली, “डॉक्टरचा पत्ता दे गं!” दुसरी म्हणाली, “हसता काय? माझे केस कलप लावून काळे आहेत!” मागून एका आजींनी हात वर केला. “माझे दात काढून दाखवू का?” “नको, नको!” सगळ्या एकदम ओरडल्या.

तेवढ्यात झिम्म्याच्या रांगेतून चंपाकाकू पुढे आल्या. हे काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी अंबाड्यात हात घातला, दोन आकडे काढले, आणि केसांचा एक लांबलचक झुपका ओढून काढून डोक्यावर उंच धरला.

“घ्या!” त्या म्हणाल्या. “माझं गंगावन! सोळा वर्षं झाली. घरात नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही!”

“आता झालं!” प्रेक्षकांतून त्यांच्या नवऱ्याचाच आवाज आला.

त्यानंतर पाच मिनिटं खेळ पुढे सरकलाच नाही. परीक्षकबाई टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. वेळ जास्त घेतला म्हणून संघाचे गुण कापले गेले आणि तिसरा नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलची एक मोठी परात मिळाली. ती परात दोन्ही हातांनी वाजवत सगळ्या बसस्टँडपर्यंत चालत गेल्या. चंपाकाकूंचं गंगावन मंदाकाकूंच्या खांद्यावर होतं. वाटेत, स्पर्धा बघायला आलेल्या पेढेवाल्यांच्या वहिनी भेटल्या, तेव्हा चंपाकाकू आपणहून थांबल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, पुढच्या वर्षी आमच्यात खेळायला या. सुनेची बहीण हवी आहे.” वहिनी गोंधळल्या, मग हसल्या. त्यांचंही कपाळ हललं नाही, पण हसू खरं होतं, ते डोळ्यांत दिसलं.

तात्पर्य: आपल्या चेहऱ्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण लोकांच्या हसण्याला भिऊन खोटं बोलू नये, कारण त्या खोट्याची सूज आपल्या जिवाभावाच्या माणसाच्या गालावर येते. आणि दुसऱ्याच्या वयाला हसणारी जीभ त्याच्या उपायालाही हसते, म्हणून तिला विचारून आरशात बघू नये. शिवाय मला असंही वाटतं की जी माणसं सगळ्यांत जास्त हसतात, ती आतून बहुतेक... हो आजोबा, आले, चष्मा तुमच्या डोक्यावरच आहे, थांबा, मी देते काढून! बाकीचं तात्पर्य तुम्हीच काढा.