शंभर पावलं

जंगलात नुकतीच पंचायत आली होती, तेव्हाची ही गोष्ट. अस्वल सरपंच झालं होतं आणि त्याच्या मेहुण्याला मोहाच्या दारूचं दुकान काढायचं होतं. जागाही त्याने हेरून ठेवली होती, साळुंकीबाईंची शाळा भरायची त्याच वडाखाली.

साळुंकीबाई भर सभेत उभ्या राहिल्या. "सरपंच, शाळेपासून शंभर पावलांच्या आत दारूचं दुकान नको, हा तुमच्याच पंचायतीचा नियम आहे."

"अगदी बरोबर, बाई. आत्ताच मोजून घेऊ," असं म्हणून अस्वलाने मुंगीला बोलावलं.

मुंगी शाळेच्या फळ्यापासून निघाली. शंभर पावलं भरली, तरी ती फळ्याच्या सावलीतच होती.

"अहो, ही काय मोजणी झाली?" बाई कडाडल्या.

"पाऊल कुणाचं, हे नियमात लिहिलंय का?" अस्वलाने विचारलं. पंचांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या तोंडाला मोहाचा वास येत होता.

"मग माझी हरकत तरी लिहून घ्या!"

"जरूर घेतली असती. पण हरकत दुकानापासून शंभर पावलांत राहणाऱ्यांनीच घ्यायची असते. तुमचं घरटं तर पार शेंड्यावर!"

शंभर पावलांत एकच घर निघालं, मुंगीचं बीळ. सरपंचांनी तिला रीतसर तीनदा विचारलं, "काही हरकत?"

मेहुण्याने दिलेला गुळाचा खडा तिच्या तोंडात होता. तिला बोलता येईना.

"हरकत नाही," सरपंचांनी लिहून घेतलं.