कोरलेला बांध

नांगरांना वाचा होती, त्या काळातली गोष्ट. केरबाचं शेत उतारावर होतं आणि त्याच्या खालच्या कडेला गवताने भरलेला एक रुंद बांध होता. केरबाच्या नांगराच्या डोळ्यांत तो बांध खुपायचा. दर पेरणीआधी तो बांधाची कड कोरायचा आणि तेवढी जमीन शेतात ओढायचा.

"तुझ्यावर ना ज्वारी पिकते ना हरभरा. नुसता आडवा पडून असतोस," नांगर म्हणायचा.

"आडवं पडणं हेच माझं काम आहे, बाबा," बांध म्हणायचा. "पाणी उतरत येतं, तेव्हा तुझी माती मीच धरतो."

नांगर हसायचा. केरबाही म्हणायचा, "घे अजून वीतभर, कोण बघतंय." असं करत करत बांध पायवाटेएवढा उरला.

त्या पावसाळ्यात बांध फुटला आणि शेतातली काळी माती ओढ्याला लागली. पाऊस ओसरल्यावर केरबाने बैल जुंपले, तर नांगराचा फाळ खडकावर खरखरला. सगळीकडे मुरूम उघडा पडला होता. 

बांधाचा एक तुकडा तेवढा कडेला तग धरून होता. त्याच्या आड सूपभर काळी माती साचली होती.

"एवढीच धरता आली," तो मान खाली घालून नांगराला म्हणाला. "माफ कर, माझं अंगच पुरलं नाही."

नांगर शरमला. तेव्हापासून तो मातीत तोंड खुपसूनच चालतो. लोकांना वाटतं, तो जमीन नांगरतोय.