घोंगडीतली ऊब

“मग घोंगडी कधी घालणार, बुवा?”

हेरंबने सकाळपासून हाच प्रश्न आडून आडून विचारून पाहिला होता. आता त्याने तो सरळ विचारला.

साबाजीबुवा काचेच्या पेटीसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

“लाईट गेली,” ते म्हणाले.

चिखलदऱ्याच्या पठारावर, वस्तीपासून जरा बाजूला बुवांचा मठ होता. मठ म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. तिथली रीत अशी की, शिष्य तयार झाला म्हणजे गुरू आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर घालतो. मंत्र नाही, हारतुरे नाहीत. घोंगडी मिळाली की तो लोकांना चार शब्द सांगायला मोकळा.

हेरंब स्वतःच्या मते केव्हाच तयार झाला होता. बुवांचं प्रत्येक वाक्य त्याला पाठ होतं. ते कुठे थांबतात, कुठे खाकरतात, तेसुद्धा. खरं सांगायचं तर बुवांची वाक्यं बुवांपेक्षा त्याच्याच तोंडी जास्त शोभायची. अचलपूरच्या मंडळींनी नवा मठ बांधला होता आणि दुपारी जीप घेऊन ते त्याला न्यायला येणार होते. घोंगडीशिवाय गेलो तर तिथे आपल्याला कोण विचारणार, या काळजीने त्याला काही सुचत नव्हतं.

बुवांना वेगळीच काळजी लागली होती. पेटीत पाहुणा होता.

पाहुणा म्हणजे परदेशी जातीचा एक लहानसा अजगर. अमरावतीच्या एका डॉक्टरांच्या मुलीने तो हौसेने पाळला होता. मुलगी शिकायला बाहेर गेली, घरात दुसरं कोणी त्याला हात लावीना, तेव्हा डॉक्टर त्याला पेटीसकट बुवांकडे सोडून गेले. उष्ण मुलखातला जीव, पेटीतल्या दिव्याच्या उबेवर हिवाळा काढत होता. पहाटे वाऱ्याने विजेचा खांब पडला आणि तो दिवा विझला. लाईट कधी येईल ते सांगता येत नाही, एवढं सांगून वायरमन निघून गेला.

बाहेर पौषातलं धुकं होतं. पाहुणा अंगाची गुंडाळी करून कोपऱ्यात पडला होता. एरवी सारखी आतबाहेर करणारी त्याची जीभ दिसत नव्हती.

पेटीला शेगडी लावू का, असं हेरंबने विचारलं. बुवा नको म्हणाले. याला चटका कळत नाही, कातडी भाजून निघाली तरी हा जागचा हलत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग बुवांनी खांद्यावरची घोंगडी काढली.

हेरंबने घाईघाईने मान खाली केली, डोळे मिटले...

घोंगडी त्याच्या हातात आली.

“याले सांभाळ. जगला, तं घोंगडी तुही.”

एवढं बोलून बुवा ओट्यावर जाऊन बसले.

हेरंबला हसू आलं. परीक्षा घ्यायचीच होती तर जरा अवघड तरी घ्यायची. त्याने घोंगडी जमिनीवर अंथरली. पेटी तिरकी केली, काठीने ढकलत पाहुण्याला घोंगडीवर घेतलं आणि चारी बाजूंनी दुमडून गच्च गुंडाळलं. बोटसुद्धा लागू दिलं नाही. साक्षात बुवांच्या अंगावरची घोंगडी, तिच्यापुढे थंडीचं काय चालणार?

मग तो शेजारी मांडी घालून दुपारच्या प्रवचनाची उजळणी करू लागला. दोरीला साप समजून भिणाऱ्या माणसाचा दृष्टांत त्याने काढला होता. तो असा काही रंगवायचा की, ऐकणाऱ्याला घरी जाऊन दोऱ्या तपासाव्याशा वाटत.

बऱ्याच वेळाने त्याने घोंगडीवर तळहात ठेवला. गार.

त्याने आपली शाल वर घातली. तिच्यावर सतरंजी घातली. गाठोडं चांगलं गुडघ्याएवढं झालं. पुन्हा थोडा वेळ थांबून त्याने एक पदर उचलून आत पाहिलं, तर पाहुण्याची गुंडाळी सैल पडली होती. काठीने डोकं जरा उचललं, ते तसंच खाली घसरलं.

गेली आपली घोंगडी, हे हेरंबच्या मनात आधी आलं. आपल्या डोळ्यांसमोर एक जीव चाललाय, हे त्याच्यामागून आलं. हा क्रम लक्षात आला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. तो ओट्याकडे धावला.

बुवा नुसत्या बंडीवर बसले होते. थंडीने त्यांचे दात वाजत होते.

“बुवा, घोंगडीत ऊबच नाही.”

“मह्या अंगावर होती, तवा?”

“तेव्हा होती. तुमचे खांदे दाबताना हाताला लागायची.”

“मंग गेली कुठं?”

हेरंबने वळून आतल्या गाठोड्याकडे पाहिलं.

“तो गार होता. तिनं गारच राखला,” बुवा म्हणाले. “घोंगडी चांगली हाय.”

ते उठून आत आले. सतरंजी काढली, शाल काढली, घोंगडी काढली. पाहुणा उघडा पडला. मग त्यांनी हेरंबच्या सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.

हेरंब दोन पावलं मागे सरला.

“मला भीती वाटते, बुवा.”

मठात आल्यापासून त्याने बोललेलं स्वतःचं असं हे पहिलंच वाक्य असावं.

“वाटू दे. अंग तं गरम हाय ना?”

हेरंब खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी पाहुण्याला उचललं. ओल्या मातीसारखं जड आणि गार अंग होतं ते. त्याने ते सदऱ्याच्या आत, पोटाशी घेतलं. अंगावर सर्रकन काटा आला, दातावर दात बसले. पण हात त्याने काढले नाहीत. जग रे, असं तो पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिला. बुवांनी मागून येऊन दोघांवर घोंगडी घातली, तेही त्याला कळलं नाही.

सावकाश, फार सावकाश, बरगड्यांवर एक वेढा आवळला गेला.

जीप आली तेव्हा ऊन पडलं होतं. अचलपूरच्या मंडळींचे पुढारी इंगोले सर आधी आत शिरले. हेरंबच्या खांद्यांवर घोंगडी पाहून त्यांनी समाधानाने हात जोडले. मागच्यांनी वाकून नमस्कार केला. आता दोन शब्द ऐकवा, असा आग्रह झाला.

जरा हळू बोला, एवढंच हेरंब म्हणाला.

घोंगडीआड काय आहे ते कळल्यावर मंडळी दाराकडे सरकली. तेवढ्यात पेटीतला दिवा लागला.

इंगोले सरांना हायसं वाटलं. आता ते जनावर पेटीत ठेवा आणि चला, तिकडे मांडव भरलाय, असं त्यांनी सुचवलं.

“पेटी तापायला वेळ लागेल,” हेरंब म्हणाला. त्याची नजर सदऱ्याच्या गळ्यावर होती. तिथून एक इवलीशी जीभ बाहेर येऊन गेली. “आत्ताच जीभ काढलीय त्याने. आज नाही जमणार मला.”

सर गोंधळले, जरा रागावलेही. ते बुवांकडे वळले.

“बुवा, ज्याले घोंगडी घातली, त्यानं आता यायले नाही पायजे का?”

बुवा शेगडीवर हात शेकत होते.

“घोंगडी पाहुण्याले घातली, सर. हा तं अस्तर हाय.”