राणीच्या बागेतली गुलाबाची फळं

फार पूर्वी, हिवाळ्यात जिथला घाट चार महिने बर्फानं बंद होई अशा एका डोंगरी राज्यात एक राणी राहत होती. तिला गुलाबांचं भारी वेड. गडावरच्या तिच्या बागेचा नियम एकच, पण कडक: कोमेजलेलं फूल राणीच्या नजरेस पडता कामा नये. म्हणून म्हातारा माळी आणि त्याची माळीण रोज सकाळी कात्री घेऊन मान टाकलेलं फूल न् फूल छाटत. माळी बिचारा इतका भित्रा, की राणीची पालखी रिकामी दिसली तरी मुजरा करायचा.

माळीण मात्र हट्टी. एका वर्षी मागच्या कुंपणावरच्या रानगुलाबाला तिनं कात्री लावूच दिली नाही.

"अगं, गडावरून हाकलतील आपल्याला," माळी कळवळून म्हणाला.

"माझ्या माहेरी याची फळं खातात. एकदा येऊ तर द्या!"

आणि खरंच, पाकळ्या गळाल्यावर देठाशी बोराएवढी लालभडक फळं धरली. नेमकी राणी त्या बाजूला फिरायला आली. फळ दिसलं देखणं, म्हणून तिनं तोडलं आणि बियांसकट चावलं. आत होती बारीक कुसळं. घसा असा खाजला, की राणी तासभर खोकत होती.

"ही घाण खुडून उकिरड्यावर टाका," ती कडाडली. "एक जरी फळ राहिलं, तर दोघांनीही गड सोडायचा!"

माळ्यानं मुकाट्यानं सगळी फळं खुडली. टोपली उकिरड्यापर्यंत नेलीसुद्धा. पण या फळांसाठी आपली म्हातारी किती दिवस डोळे लावून बसली होती, हे आठवून त्याचा जीव तुटला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं हुकूम मोडला आणि टोपली घरी आणली. त्या दिवशी माळिणीनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला.

मग दोघांनी एकेक फळ चिरलं, बिया आणि कुसळं कोरून काढली, वरचा गर धुऊन सावलीत सुकवला. चार दिवस दोघं हात खाजवत होती आणि एकमेकांना हसत होती.

हिवाळा आला, घाट बंद झाला. भाजीपाला संपला, लिंबं संपली. गडावर उरली भाकरी आणि सुकं मांस. राणीच्या धाकट्या लेकीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पाय दुखून तिला उठवेना.

वैद्य म्हणाले, "पोटात फळ नाही, भाजी नाही, म्हणून हे दुखणं. लिंबू किंवा आवळा मिळाला तर पोर वाचेल. घाट उघडेपर्यंत मात्र थांबता येणार नाही."

माहेरी हिवाळ्यात याच दुखण्यावर ही फळं देत, म्हणून ही बातमी कळताच माळीण सुक्या फळांचा डबा घेऊन उठली. माळ्यानं तो तिच्या हातून घेतला.

"तू नको. हुकूम मी मोडलाय."

तो राणीपुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू मला फसवलंस?" राणी म्हणाली.

"होय, राणीसाहेब. शिक्षा मागाहून द्या. आधी हे गरम पाण्यात भिजवून लेकराला पाजा."

"आणि तिचाही घसा खाजला तर?"

"कुसळं काढलीत आम्ही. हे बघा, आधी मी पितो."

तो प्यायला. मग मधाचं बोट लावून पोरीला पाजलं. तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि आणखी एक वाटी मागितली. रोज पाजता पाजता आठवड्याभरात रक्त थांबलं, महिन्याभरात पोर अंगणात पळू लागली.

राणीनं माळ्याला बोलावलं. तो गाठोडं बांधूनच आला.

"ते गाठोडं सोड," राणी म्हणाली. "पुढच्या वर्षी अशी टोपल्या भरून फळं हवीत मला."

माळ्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे मान वर करून पाहिलं. "राणीसाहेब, कोमेजलेलं फूल छाटलं तर फळ कुठून येणार?"

त्याच दिवशी राणीनं बागेचा नियम मोडीत काढला.

पुढच्या वर्षी फळं पिकली, तेव्हा माळिणीच्या ओसरीवर लेकीला घेऊन राणी स्वतः बिया काढायला बसली. मधूनमधून हात खाजवत होती.

"नीट बघा हो राणीसाहेब, त्यात अजून एक कुसळ राहिलंय," माळिणीनं तिला दटावलं. राणीनं निमूटपणे ते फळ परत हातात घेतलं.

तात्पर्य: बहर ओसरला म्हणून कुणाला छाटून टाकू नये, त्याचं खरं देणं कदाचित अजून यायचं असतं.